‘हॉइक’ आणि एक लाल रेघ

१९७८ साली बेळगावच्या एका शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवीत होतो. भाषांतराला दिलेल्या एका उताऱ्यात गाडीची शिट्टी होते, प्रवासी धावत येतो आणि आपली ट्रंक डब्यात ‘हॉइक’ करतो, असे वाक्य होते. एका मुलाने लिहिले, ‘हिसका मारून ट्रंक वर घेतली.’ त्यावर लाल रेघ ओढून मी लिहिले, ‘उचलून ठेवली.’

मुलगा उठून उभा राहिला. घरी कानडी, शाळेत मराठी. वडील स्टेशनावर हमाल. म्हणाला, “सर, उचलून ठेवायला वेळ लागतो. गाडी सुटायला आली की बाबा हिसकाच मारतात.” वर्ग हसला. मीही हसलो आणि अर्धा गुण कापला.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका मोठ्या इंग्रजी कोशात तो शब्द सहज नजरेस पडला. अर्थ दिला होता : झटक्याने, काहीशा धसमुसळेपणाने वर उचलणे किंवा ओढणे. मी कोश मिटला आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

शब्दाचा इतिहास फार जुना नाही. इंग्रजी छापील मजकुरात तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, १८९८ च्या सुमारास दिसू लागतो. तो बहुधा ‘हाइक’चेच बदललेले रूप असावा, असे कोशकार मानतात. हा ‘हाइक’ मूळचा इंग्लंडमधल्या बोलीतला. तंगडतोड करीत चालणे हा त्याचा एक अर्थ. अमेरिकेत तो घसरलेली विजार वर ओढण्यासाठी वापरला जाऊ लागला आणि पगार व किमती वर चढविण्याच्या कामीही आला. आज आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत पेट्रोलची दरवाढ ‘हाइक’च असते. एक भाऊ असा सरकारदरबारी पोचला. दुसरा, ‘हॉइक’, मात्र घरगुती बोलण्यातच राहिला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांनी त्याला उचलले. विमानाचे नाक एकदम वर खेचणे म्हणजे ‘हॉइक’. क्रिकेटमध्ये तर त्याला कायमचे घर मिळाले. आडव्या बॅटीने, शैलीची फिकीर न करता, चेंडू लेग बाजूला उंच भिरकावणे म्हणजे ‘हॉइक’. त्यात थोडी नापसंती असते. पुढे इंदूरच्या होळकर संघाचे कर्णधार झालेल्या सी. के. नायडूंनी १९२६ साली मुंबईच्या जिमखाना मैदानावर एमसीसीविरुद्ध ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. चेंडू तेव्हाही हवेतूनच गेले. पण त्या फटक्यांना ‘हॉइक’ म्हणायला कोणी धजणार नाही. चेंडू उंच गेला एवढ्याने हा शब्द लागू होत नाही. तो कसा उचलला, यावर सारे ठरते.

आणि नेमके हेच मला त्या वेळी कळले नव्हते. ‘उचलणे’ या क्रियापदात ओझे वर जाते, पण घाई, जोर, खांद्याला बसलेली कळ त्यात येत नाही. ते सारे ‘हिसका’ या शब्दात आहे. तो मराठीत काही कालपरवा आलेला नाही. १८३१ साली प्रथम निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशालाही तो ठाऊक आहे. मला मात्र तो वर्गात गावंढळ वाटला. शुद्ध मराठीच्या धाकाने मी अचूक मराठी खोडली होती.

सीमाभागात आपण शब्दांना फार जपतो, आणि ते योग्यच आहे. पण दोन भाषांत वाढलेले पोर कधीकधी तिसऱ्या भाषेतला शब्द आपल्यापेक्षा लवकर ओळखते, कारण ते कोशाकडे न जाता कामाकडे पाहते. त्या मुलाने ‘हॉइक’ कुठे वाचला नव्हता. त्याने तो रोज फलाटावर पाहिला होता.

तो अर्धा गुण द्यायचा राहून गेला. आज स्टेशनावर कुणी ट्रंक डब्यात हिसकली, की माझा हात नकळत खिशातल्या लाल पेनाकडे जातो. आता रेघ मारायला नव्हे, मारलेली पुसायला.