शिवेचे ज्ञान आणि बलुत्याचा वाटा

माणसाच्या अंगचे ज्ञान आणि कसब हेही भांडवलच होय, हा विचार थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६० नंतरच्या दशकात अर्थशास्त्रात रुजवला. त्याचे बीज ॲडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथात सापडते. शिकून मिळवलेली उपयुक्त कौशल्ये त्याने यंत्रे आणि इमारती यांच्या जोडीने स्थिर भांडवलात धरली होती. या विचारामागे एक गृहीत आहे: ज्याचे कसब, तो ते चार ठिकाणी नेऊन त्याचे मोल मागू शकतो. मराठी गावगाड्यात हे गृहीत कितपत टिकते, हे आम्हांस तपासून पाहावेसे वाटते.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट यांनी कुणब्याची वर्षभराची कामे करावीत आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा, अशी ती रीत. हा वाटा कारागिराच्या हातोटीपेक्षा त्याच्या जातीची कास थोरली, मधली की धाकटी, यावर अवलंबून असे. शिवाय बलुते हे वतन होते. ते वारसाने येई, भाऊबंदांत वाटले जाई, गहाणही पडे. किंमत होती ती या हक्काला. कुशल सुतार आणि अकुशल सुतार यांच्यातला फरक खळ्यावर सहसा मोजला जात नसे.

महाराचे उदाहरण याहून बोलके आहे. गावाची शीव कोठून कोठे जाते, हे पिढ्यान्‌पिढ्या त्यालाच ठाऊक असे. शिवेचा तंटा उपस्थित झाला, की त्याच्या साक्षीवर जमिनीचा निवाडा होई. एवढ्या मोलाचे ज्ञान, पण शेजारच्या गावी त्याला काडीची किंमत नाही! सर्वत्र उपयोगी पडणारे शिक्षण आणि एकाच धन्याच्या उपयोगाचे शिक्षण असा भेद बेकर यांनी केला आहे. शिवेचे ज्ञान या दुसऱ्या प्रकारातले. बेकर यांच्या कामगाराला निदान नोकरी सोडता येते. महाराला वतन आणि जात यांनी गावाशी जखडून टाकले होते.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते हे बंधन ओळखूनच. जातिव्यवस्था श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी करते, हा त्यांचा १९३६ मधील सिद्धांतही याच अनुभवाशी जुळतो. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला तो १९५८ साली.

पुढे १९७८ मध्ये दया पवार यांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले. आत्रे यांच्याकडे जो शब्द एका व्यवस्थेची संज्ञा म्हणून येतो, तो येथे ती व्यवस्था सोसलेल्या माणसाच्या तोंडी आला. हे दोन ग्रंथ वर्गात सहसा वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. ते शेजारी ठेवून वाचले, तर कसबाची किंमत किती, या प्रश्नाआधी ती ठरवण्याचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न विचारावा लागतो, असे आम्हांस वाटते.