अनामिक प्रवासी आणि आगाऊ भाडे : हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डाचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

शहरी सार्वजनिक वाहतुकीतील स्पर्शविरहित प्रीपेड कार्डाचा इतिहास सामान्यतः तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डाची १९९७ ते २०१९ या काळातील वाटचाल तपासली आहे. हे कार्ड प्रवाशाच्या दुहेरी विश्वासावर उभे होते. आगाऊ दिलेला पैसा सुरक्षित आहे हा पहिला विश्वास, आणि आपण कोठून कोठे गेलो याची चौकशी कोणी करणार नाही हा दुसरा. पहिल्या विश्वासाला कायद्याचा आधार लवकर मिळाला. दुसऱ्याला तो उशिरा व अपुरा मिळाला, असे येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : सार्वजनिक वाहतूक, प्रीपेड कार्ड, हाँगकाँग, सुट्टे पैसे, खाजगीपणा

१. प्रस्तावना

वाहतुकीचा इतिहास लिहिताना रस्ते, रूळ, इंजिने आणि वाहने यांचा विचार होतो. भाडे कसे गोळा झाले याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक शहरी वाहतुकीचा रोजचा तंटा भाड्याच्या रकमेपेक्षा सुट्ट्या पैशांवरून अधिक होतो. महाराष्ट्रात एस. टी.चा वाहक तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो, ही आपल्या सर्वांच्या परिचयाची रीत आहे. त्या क्षणापुरता वाहक ऋणको व प्रवासी धनको होतो, आणि हा व्यवहार केवळ परस्परविश्वासावर चालतो. प्रीपेड कार्डाने हेच नाते लक्षावधी प्रवाशांच्या बाबतीत कायमचे केले. प्रवासी आधी पैसे देतो व प्रवास नंतर करतो. त्यामुळे मधल्या काळात तो पैसा कोणाकडे राहतो, आणि पैशाबरोबर प्रवाशाविषयीची कोणती माहिती त्याच्याकडे जमा होते, हे दोन प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे उभे राहतात.

या प्रश्नांच्या अभ्यासासाठी हाँगकाँगचे उदाहरण निवडले आहे. कालक्रमाने ते पहिले नव्हे. सेऊलमध्ये १९९६ सालीच बसप्रवासासाठी असे कार्ड सुरू झाले होते. तथापि वाहतुकीचे कार्ड संपूर्ण शहराचे चलन कसे बनते, हे हाँगकाँगइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

२. पूर्वपीठिका

हाँगकाँगची भुयारी रेल्वे (एम. टी. आर.) १९७९ मध्ये सुरू झाली. तिची तिकिटे चुंबकीय पट्टीची होती. पुढे याच पद्धतीवर आधारलेले, रक्कम साठवणारे सामाईक तिकीट भुयारी रेल्वे आणि कौलून-कँटन रेल्वे या दोन्ही सेवांवर चालू लागले. एकाच तिकिटावर दोन संस्थांचा प्रवास आणि त्यामागे परस्परांतील हिशेबपूर्ती, ही ऑक्टोपसची बीजकल्पना येथेच आढळते. मात्र हे तिकीट यंत्राच्या फटीत घालावे लागे. चढत्या प्रवाशांची रांग खोळंबू न देता भाडे घ्यायचे असलेल्या बससेवेला ही पद्धत सोयीची नव्हती. शहरातील बस व फेरी सेवा अनेक कंपन्यांच्या हाती असल्याने प्रवाशाच्या खिशात नाण्यांची चळत असणे अपरिहार्य होते.

१९९७ च्या सत्तांतराने या अडचणीत भर घातली. १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेले. राणीची मुद्रा असलेल्या जुन्या नाण्यांचे मोल पुढे वाढेल या अपेक्षेने अनेकांनी ती साठवून ठेवली आणि बाजारात सुट्ट्या पैशांची टंचाई जाणवू लागली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ सप्टेंबर १९९७ रोजी, ऑक्टोपस कार्ड व्यवहारात आले. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ३० लक्ष कार्डे वितरित झाली. १९९९ च्या प्रारंभी जुने सामाईक तिकीट बाद ठरले. सत्तांतराच्या काळातील नाणेटंचाईने नव्या कार्डाला अनुकूल भूमी मिळवून दिली, असे म्हणता येते.

३. स्पर्धकांची सहमालकी

कार्डाची यंत्रणा उभारणारी क्रिएटिव्ह स्टार ही कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली. दोन रेल्वे संस्था, कौलून मोटर बस, सिटीबस आणि हाँगकाँग-याउमाती फेरी या पाच वाहतूक संस्थांचा तो संयुक्त उपक्रम होता. यांतील काही एकमेकींच्या थेट स्पर्धक होत्या. तरीही एकीने वसूल केलेले भाडे दुसरीला बिनचूक मिळेल अशी हिशेबव्यवस्था त्यांनी एकत्रितपणे निर्माण केली. जपानच्या सोनी कंपनीची फेलिका चकती आणि ऑस्ट्रेलियाच्या ई. आर. जी. कंपनीची यंत्रणा ही या उपक्रमाची साधने होत. त्याचा पाया सहमालकी हा होता. अनेक शहरांत कार्डे अयशस्वी ठरतात तेव्हा दोष तंत्राला दिला जातो. हाँगकाँगचा अनुभव सांगतो की, वसुली कोणी ठेवायची व वाटणी कशी करायची हे आधी ठरले, म्हणून तंत्राला यश आले.

कार्डाचे चिनी नाव ‘बात दात थूंग’ असे आहे. त्यातील आठ या अंकातून सर्व दिशांना पोचण्याचा अर्थ सूचित होतो. आठ बाहूंच्या ऑक्टोपसशी त्याची सांगड सहज जुळली.

४. कार्डाची कार्यपद्धती

कार्डात विद्युतघट नसतो. वाचकयंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात कार्ड आले की आतील तारेच्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो, चकती जागी होते आणि सुमारे ०.३ सेकंदात रक्कम वजा होते. शिल्लक प्रत्यक्ष कार्डावरच नोंदलेली असते; त्यामुळे धावत्या बसला प्रत्येक व्यवहारासाठी मध्यवर्ती संगणकाशी संपर्क साधावा लागत नाही. नोंदी नंतर एकत्र करून संस्थांमधील हिशेब पूर्ण केला जातो.

सामान्य कार्डासाठी ५० हाँगकाँग डॉलर अनामत घेतली जाई. शिल्लक अपुरी असली तरी एक प्रवास ऋण शिलकीवर करता येई आणि त्याचे तारण ही अनामतच असे. अडल्या प्रवाशाला उतरवून न देणारी ही तरतूद लोकप्रियतेचे एक कारण ठरली. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, हे कार्ड घेताना नाव सांगावे लागत नसे. ते कोणालाही विकत घेता येई, दुसऱ्याला देता येई. अर्थात ही अनामिकता पूर्ण नव्हती. प्रत्येक कार्डाला क्रमांक होता आणि प्रवासाच्या नोंदी त्या क्रमांकाखाली साठत होत्या. बँक खात्यातून आपोआप रक्कम भरण्याची सोय घेतली किंवा कार्ड स्वतःच्या नावे नोंदविले, की तो क्रमांक व्यक्तीशी जोडला जाई.

५. भाड्याकडून चलनाकडे

प्रारंभी वाहतुकेतर व्यवहार एकूण उलाढालीच्या १५ टक्क्यांपर्यंतच करण्याची मुभा होती. २००० साली हाँगकाँग चलन प्राधिकरणाने कंपनीला ठेवी स्वीकारणारी संस्था म्हणून परवाना दिला व ही मर्यादा दूर झाली. दुकाने, उपाहारगृहे, वाहनतळ येथे कार्ड चालू लागले. प्रवाशांच्या आगाऊ पैशावर चलन प्राधिकरणाची देखरेख आली. म्हणजेच पहिल्या विश्वासाला तीन वर्षांच्या आत कायद्याचे अधिष्ठान लाभले.

याच सुमारास दुसरा बदल घडला. जानेवारी २००१ मध्ये ना-नफा तत्त्वावर चालणारी ही कंपनी नफा मिळविणारी झाली आणि २००२ मध्ये तिने ऑक्टोपस कार्ड्स हे नाव धारण केले. भाडे गोळा करणे हाच हेतू असेपर्यंत प्रवासाच्या नोंदी हिशेबाची कागदपत्रे होत्या. नफ्याचा हेतू आल्यावर ग्राहकाची माहिती ही मालमत्ता ठरू लागली.

६. विश्वासभंग आणि त्याचे परिणाम

२००५ मध्ये कंपनीने खरेदीवर गुण देणारी बक्षीस योजना सुरू केली. तीत सहभागी होण्यासाठी ग्राहकांना वैयक्तिक माहिती द्यावी लागे. जुलै २०१० मध्ये असे उघड झाले की, सुमारे १९.७ लक्ष सदस्यांची माहिती व्यापारी भागीदारांना पुरवून कंपनीने साडेचार वर्षांत ४ कोटी ४० लक्ष हाँगकाँग डॉलर मिळविले होते. आधी झालेला इन्कार आणि नंतरची कबुली यांमुळे लोकक्षोभ वाढला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. हाँगकाँगमध्ये १९९५ पासून वैयक्तिक माहितीविषयक कायदा होता. परंतु विपणनासाठी माहिती हस्तांतरित करण्यावर पुरेसे कडक नियंत्रण त्यात नव्हते. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि विपणनविषयक तरतुदी १ एप्रिल २०१३ पासून लागू झाल्या. दुसऱ्या विश्वासाला कायद्याचे हे संरक्षण कार्ड सुरू झाल्यावर सोळाव्या वर्षी मिळाले.

तेही बाजारपेठेपुरते होते. जून २०१९ मध्ये प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध आंदोलन सुरू झाले, तेव्हा स्थानकांतील तिकीटयंत्रांपुढे तरुणांच्या रांगा दिसू लागल्या. निदर्शनांहून परतणारे लोक आपली कार्डे खिशात ठेवून रोख पैशाने एका प्रवासाचे तिकीट घेत होते. आपल्या हालचालींचा माग राहू नये, हा त्यामागील हेतू होता. जे शहर रोख पैशाविना व्यवहाराचा आदर्श मानले जाई, तेथील नागरिक २२ वर्षांनी नाण्यांकडे वळले. त्यांच्यासाठी रोखीची खिडकी उघडी होती, ही बाब येथे निर्णायक ठरली. याउलट लंडनमध्ये ६ जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख भाडे घेणे बंद झाले.

७. भारतीय संदर्भ

भारतात दिल्ली मेट्रोने डिसेंबर २००२ मध्ये प्रारंभापासूनच स्पर्शविरहित कार्ड व टोकन स्वीकारले. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबाद येथे राष्ट्रीय सामाईक गतिशीलता कार्डाचे उद्घाटन झाले. १९ जानेवारी २०२३ रोजी मुंबईत ‘मुंबई १’ कार्ड आले. हाँगकाँगमध्ये कार्ड वाहतूक संस्थांनी घडविले. भारतातील सामाईक कार्ड मात्र रुपे या बँकिंग जाळ्यावर उभे आहे. त्यामुळे बँकेचे संकट प्रवाशापर्यंत पोचते. रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे १५ मार्च २०२४ नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या अशा कार्डांत नवी रक्कम भरणे बंद झाले. असलेली शिल्लक वापरण्याची मुभा राहिली.

याच काळातील दुसरा निर्णय मात्र प्रवाशाच्या बाजूचा आहे. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने केवळ सार्वजनिक वाहतुकीसाठी, कमाल ३,००० रुपये शिलकीची प्रीपेड साधने ओळख-पडताळणीविना देण्यास अनुमती दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या हक्काचा रोजच्या प्रवासातील अर्थ या छोट्या तरतुदीत दिसतो.

८. निष्कर्ष

(१) ऑक्टोपस कार्डाचे यश प्रामुख्याने स्पर्धक संस्थांच्या सहमालकीचे व हिशेबव्यवस्थेचे यश होते.

(२) प्रवाशाच्या पैशाचे संरक्षण राज्यव्यवस्थेने तत्परतेने केले. त्याच्या माहितीचे संरक्षण मात्र विश्वासभंग झाल्यावरच केले.

(३) अनामिक कार्ड आणि रोख तिकीट यांना मागासलेपणाचे अवशेष मानणे इतिहासाला धरून नाही. कार्डावरचा विश्वास डळमळला तेव्हा रोख तिकिटानेच प्रवाशाचा संचाराचा हक्क टिकवून धरला.

तिकीट विकत घेणाऱ्याला नाव न विचारणे हा सार्वजनिक वाहतुकीचा जुना शिष्टाचार आहे. ट्रामच्या काळापासून तो कोणी लिहून ठेवला नाही, कारण कागदी तिकिटाला नाव विचारण्याची सोयच नव्हती. आता ती सोय झाली आहे. म्हणून आपल्या शहरांत सामाईक कार्डाचा विस्तार होत असताना पडताळणीविना मिळणारे कार्ड आणि रोखीची खिडकी या दोन्हींची हमी नियमांत स्पष्टपणे नमूद होणे आवश्यक आहे.