फास्टॅगचा अर्ज आणि नाव नसलेले गाडीवान

मागच्या वर्षी माझ्या मामांनी त्यांची जुनी गाडी विकली. साताऱ्यात व्यवहार झाला, सह्या झाल्या, किल्ली दिली, पेढेही वाटले. काचेवरचा फास्टॅग बंद करायचा मात्र राहून गेला. तिसऱ्या दिवशी मामा ओट्यावर चहा घेत बसले होते आणि फोनवर संदेश आला: तासवडे टोलनाक्यावर पैसे कापले. थोड्या वेळाने किणी. दोन दिवसांनी उलट क्रमाने, आधी किणी, मग तासवडे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "सोमवारी कोल्हापूरला जातो बघ तो, बुधवारी परत येतो," मामा मला फोनवर सांगत होते. पैसे जात होते त्याचा राग होताच, पण आवाजात थोडी मजाही होती. ज्या माणसाला ते आयुष्यात एकदाच भेटले होते, त्याचा आठवडा त्यांना घरबसल्या पाठ झाला होता.

मी जकात आणि टोलनाक्यांच्या इतिहासावर पीएचडी करतेय. "टोलवर कसला इतिहास?" हा प्रश्न मला लग्नकार्यात हमखास विचारला जातो. तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट किंवा पेट देऊन आता विषय शोधताय, तेव्हा आज एक साधा कागद घेऊन बसूया. फास्टॅगच्या नोंदणीचा अर्ज. तो इतिहासाचं साधन म्हणून वाचता येतो का, ते बघू.

अर्जात काय काय मागतात? गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आपलं आरसी बुक. मालकाची ओळख पटवणारी कागदपत्रं. मोबाइल नंबर. गाडीचा वर्ग, मोटार, जीप, व्हॅन असेल तर वर्ग ४. गाडीचे फोटो. गाडी अगदी नवी असेल आणि नंबर पडला नसेल तर चेसिस नंबरवर काम भागतं, पण नंतर ठरलेल्या मुदतीत खरा नंबर जोडावा लागतो. हे सगळं बँकेकडे जातं आणि त्या बदल्यात एक स्टिकर मिळतो. त्यात बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्रातून येणाऱ्या रेडिओ लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो.

तो क्रमांक पुढे कुठे जातो, हे समजून घ्या. नाक्याची एक बँक असते, तुमच्या टॅगची दुसरी बँक असते, आणि मधे एनपीसीआयची यंत्रणा असते. तिच्याकडे एक भलीमोठी यादी आहे. तिला मॅपर म्हणतात. कोणता टॅग कोणत्या नंबरच्या गाडीचा, वर्ग कोणता, टॅग चालू आहे की काळ्या यादीत, हे त्या यादीत असतं. इतिहासकाराच्या भाषेत सांगायचं तर मॅपर ही नाक्यावरची वही आहे. फरक एवढाच की ती नाक्यावर नाही, आणि गाडी येण्याच्या आधीच भरलेली आहे.

हा "आधीच" शब्द मला महत्त्वाचा वाटतो. तो किती नवा आहे, हे मागे गेल्याशिवाय कळत नाही.

मराठेशाहीतल्या जकातीचे कागद वाचायला बसलात की एक गोष्ट लवकर खटकते. जकात भरणारा सामान्य माणूस कागदात सहसा सापडत नाही. सापडतात ते बैल, गोण्या, माल, रक्कम. नाव कोणाचं येतं? ज्याला सूट मिळाली त्याचं. जकातमाफीची दस्तकं बघा. अमक्याचे इतके बैल, अमुक माल घेऊन अमुक गावाहून तमुक गावी जात आहेत, वाटेत जकातीसाठी अडवू नये, अशा अर्थाचा मजकूर असतो. माफी हवी तर तुम्ही कोण हे सांगावं लागायचं. पैसे भरणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं. त्याने रक्कम मोजली की तो कागदातून गायब.

पुढे कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात अंतर्गत मालावरची ही वाटेतली जकात १८३८ मध्ये बंद केली. रस्त्याचा टोल ही वेगळी गोष्ट, तो चालू राहिला आणि वाढला. १८५१ चा आठवा कायदा, इंडियन टोल्स अॅक्ट, तुम्ही एकदा मुळातून वाचाच. अगदी छोटा आहे, दुपारच्या चहाआधी संपतो. त्यात एक कलम असं आहे की नाक्याजवळ सगळ्यांना दिसेल अशा जागी दरांचा फलक लावायचा, इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या देशी भाषेत, आणि सोबत दंडाचीही माहिती द्यायची, टोल नाकारणाऱ्याच्या आणि बेकायदा टोल घेणाऱ्याच्याही. पण माझं लक्ष वसुलीच्या कलमाकडे जातं. टोल दिला नाही तर काय? तर गाडी किंवा जनावर अडकवून ठेवायचं, किंवा टोल वसूल होईल एवढा माल काढून घ्यायचा. २४ तासांत पैसे आले नाहीत तर प्रकरण अधिकाऱ्यापुढे न्यायचं, आणि तो जप्त केलेली वस्तू विकू शकतो.

हे कलम वाचून पहिल्यांदा वाटतं, काय जुलमी राज्य! मलाही तसंच वाटलं होतं आणि माझ्या पहिल्या मसुद्यात मी तसंच लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात फक्त एक प्रश्न लिहिला: "दुसरं काय करू शकले असते?" त्या प्रश्नावर मी आठवडा घालवला. खरंच, दुसरं काय करणार? समोरचा गाडीवान कोण, कुठला, हे नाकेदाराला माहीत नाही. तो एकदा पुढे गेला की हाती लागणार नाही. गाडीला नंबर नाही, तो मोटारींच्या काळात आला. १९१४ चा मोटार वाहन कायदा अजून साठेक वर्षं दूर आहे. मग वसुलीचं तारण एकच, समोर उभा असलेला बैल. नाव माहीत नसेल तर वस्तू धरावी लागते. आणि नाव माहीत असेल तर वस्तू धरायची गरजच उरत नाही, गाडी सोडून द्या, पैसे खात्यातून घ्या. फास्टॅगची नोंदणी म्हणजे हा बदल आहे. बैलाची जागा खात्याने घेतली.

संशोधन आराखडा लिहिताना "तंत्रज्ञान आलं आणि वसुली बदलली" असं वाक्य आपण सहज लिहून जातो. ते खोडा. त्याऐवजी विचारा, तारण काय होतं आणि आता काय आहे? मग यंत्रापेक्षा अर्ज मोठा दिसायला लागतो.

रोख टोलच्या काळातही नाव पूर्ण गेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बिगर-व्यावसायिक गाड्यांना सवलतीचा मासिक पास आहे. तो हवा असेल तर पत्त्याचा पुरावा द्या. म्हणजे पुन्हा दस्तकाचीच रीत: सूट हवी तर नाव सांगा. सरळ पैसे देणारा मात्र २०१४ पर्यंत तरी पावती घेऊन निनावीच पुढे जात होता.

नंदन निलेकणी समितीने २०१० मध्ये स्वस्त, बॅटरी नसलेला टॅग सुचवला. २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद मार्गावर सुरुवात झाली. पहिली काही वर्षं कॅशबॅकचं गाजर होतं. मग डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकीला विकतानाच टॅग, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या मार्गिका फास्टॅगच्या. टॅग नसेल तर दुप्पट. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरलं तर सव्वापट आणि रोखीत दुप्पट. आकडे नीट बघा. निनावी राहण्याला आता दर लागलाय. पूर्वी माफी मिळवायला नाव द्यावं लागायचं, आता नियमाचे पैसे भरायलाच नाव द्यावं लागतं, आणि नाव द्यायचं नसेल तर जास्तीचे पैसे.

हे असंच व्हायला हवं होतं का? इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न टाळू नये, आणि त्यासाठी एकदा आपल्या देशाबाहेर बघणं चांगलं. हाँगकाँगने हीच गोष्ट १९८३ ते १९८५ मध्ये करून पाहिली होती. सुमारे अडीच हजार गाड्यांच्या पोटाला इलेक्ट्रॉनिक नंबरप्लेट लावल्या, रस्त्यात तारांची वेटोळी पुरली, आणि कोणती गाडी कधी गर्दीच्या भागात शिरली याची नोंद घेतली. यंत्रणा उत्तम चालली. तरीही योजना गुंडाळावी लागली. विरोधाची कारणं अनेक होती, पण एक मोठं कारण होतं की सरकारला प्रत्येक गाडी कुठे गेली हे कळणार. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, ते शहर चीनकडे सोपवण्याचा करार झाला होता. आज तयार होणारी वही उद्या कोणाच्या हातात असेल, हा प्रश्न तिथल्या लोकांना फार जवळचा होता.

सिंगापूरने १९९८ मध्ये वेगळी वाट काढली. गाडीत एक यंत्र आणि त्यात खोचायचं पैसे भरलेलं कार्ड. कमानीखालून जाताना पैसे थेट कार्डातून वजा. म्हणजे पैसे कुठे ठेवलेत, गाडीत की बँकेत, यावर वहीत किती लिहिलं जाणार हे बरंचसं ठरतं. तंत्र एकाच जातीचं, नोंद वेगळी. तुलनात्मक इतिहास का करायचा, असं मुलाखतीत विचारलं तर हे उदाहरण द्या.

आता दुसरी बाजू. ती सोडली तर माझाच लेख एकांगी होईल. आपल्याकडे रोख टोलच्या काळात वही ठेकेदाराची होती. दिवसाला किती गाड्या गेल्या, किती रक्कम जमली, खर्च कधीच वसूल झालाय का, यावरून महाराष्ट्रात किती वाद झाले ते तुम्हाला आठवत असेल. कोल्हापूरकरांनी तर शहरातला टोल रस्त्यावर उतरून घालवला. प्रवासी निनावी असतो तेव्हा मोजणीही झाकलेली राहते, आणि त्याचा फायदा प्रवाशालाच होतो असं नाही. फास्टॅगने गाडीगणिक नोंद आली. शिवाय नोंदणीतून एक हक्कही आलाय जो फार थोड्यांना माहीत आहे: २०१८ च्या दुरुस्तीनुसार तुमचा टॅग चालू असेल, पैसे पुरेसे असतील आणि नाक्याचं यंत्रच बिघडलं असेल, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. १८५१ च्या गाडीवानाकडे असं काही मागायला तोंडच नव्हतं.

पण वही एकदा तयार झाली की ती एका कामापुरती राहत नाही. जानेवारी २०२१ पासून जीएसटीच्या ई-वे बिलाची यंत्रणा फास्टॅगशी जोडली गेली. मालगाडी नाक्यावरून गेली की तिच्यासोबतचा माल कागदावर आहे तसा निघालाय का, हे करखात्याला ताडता येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्क खुर्चीवरून उठले. १८३८ मध्ये मालाची जकात आणि रस्त्याचा टोल वेगळे झाले होते. पावणेदोनशे वर्षांनी नाक्यावर पुन्हा दोन्ही प्रश्न एकत्र आले, गाडी कोणाची आणि माल काय. फक्त विचारणारा माणूस दिसत नाही.

मामांचं काय झालं ते सांगते. टॅग बंद करायला त्यांनी बँकेला फोन केले, एकदा आरसीची प्रत पाठवली, एकदा ती धूसर आहे म्हणून परत पाठवली. शेवटी बंद झाला. तोवर मी त्यांच्या फोनवरचे ते सगळे संदेश मागून घेतले होते. विभागातल्या चर्चासत्रासाठी त्यांची छानशी स्लाइड केली होती: वार, वेळ, नाका, रक्कम. नावं काढून टाकली होती, मामांना विचारलंही होतं, ते तर खूश होते. रंगीत तालमीच्या वेळी मार्गदर्शकांनी स्लाइडकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी चालवणाऱ्याची परवानगी घेतलीस?"

घेतली नव्हती. त्याचा नंबर व्यवहाराच्या कागदावर होता, पण फोन करून सांगायचं काय? की तुम्ही सोमवारी कुठे असता ते मला माहीत आहे?

स्लाइड काढली. तिच्या जागी १८५१ च्या कायद्याचं वसुलीचं कलम टाकलं, आणि चर्चासत्रात सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले.