शंभर, पन्नास, वीस, दहा आणि पुन्हा वीस

मुंबई-कोलकाता हायवे सडक अर्जुनी, देवरी करत गोंदिया जिल्ह्यातून छत्तीसगडात शिरतो. याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांना बॉयलरचं पाणी क्षारमुक्त करायला अॅसिड आणि कॉस्टिक सोडा लागतो. हा माल टँकरमधून फिरतो. रिकामा टँकर धुवायचा कोणी? आपल्याकडे गाडीवरच्या पोराचं नावच मुळी क्लीनर!

आता 'रिकामा' म्हणजे कागदोपत्री. तळाशी, व्हॉल्व्हपाशी थोडा माल उरतोच. तीव्र सल्फ्युरिक अॅसिडवर पाण्याचा पाइप सोडला की ते उकळून अंगावर उडतं. शिवाय ९८ टक्क्यांचं अॅसिड साध्या पोलादाला फारसं खात नाही, पण पातळ झालं की खातं आणि हायड्रोजन सुटतो. मग आत बघायला कोणी काडी ओढली तर... कॉस्टिक मला त्याहून लबाड वाटतो. अॅसिड लगेच झोंबतं. हा आधी नुसता बुळबुळीत लागतो (कातडीतल्या चरबीचा चक्क साबण होत असतो) आणि दुखेपर्यंत खोल गेलेला असतो. कपडे काढून लगेच भरपूर वाहतं पाणी, निदान वीस मिनिटं, आणि मग दवाखाना. लिंबू-व्हिनेगर अजिबात नको.

मग कायदा काय करतो? मी पडलो प्रोग्रामर, मला त्यात आधी इफ कंडिशन दिसते. १८८१ चा पहिला फॅक्टरी अॅक्ट शंभर कामगार असतील तरच लागू. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना एकत्र करत होते त्या काळात, १८९१ मध्ये, शंभराचे पन्नास झाले आणि आठवड्याची सुट्टी आली. १९२२ मध्ये वीस. १९४८ मध्ये, यंत्रशक्ती असेल तर, दहा.

आणि गंमत बघा, १९४८ च्या व्याख्येत वस्तू धुणं, साफ करणं हीसुद्धा 'उत्पादन प्रक्रिया' आहे! कलम ३६ तर थेट टाकीत उतरण्याबद्दल: आधी वायू तपासा, नाहीतर श्वसनयंत्र लावा, पट्टा नि दोर बांधा. सगळं लिहिलंय हो. पण दहा डोकी भरली तर. टँकरवर ड्रायव्हर धरून दोन.

२०२० च्या नव्या संहितेने कारखान्याचा आकडा पुन्हा वीसवर नेला; ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. सुरक्षेच्या मूळ तरतुदींना दहा पुरतात, आणि जिवावरच्या कामांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून आकड्याची अटच उठवू शकतं, एवढी फट त्यात ठेवली आहे. टँकर धुण्याचं काम त्या फटीतून सहज आत घेता येईल.