मालमोटार अपघात : दायित्व व विधिसाहाय्य

मालवाहू मोटारीच्या अपघातात कोणी मृत्युमुखी पडल्यास, जायबंदी झाल्यास किंवा मालमत्तेची हानी झाल्यास तिची भरपाई करण्याची विधिमान्य जबाबदारी आणि ती मिळविण्यासाठी उपलब्ध असलेले साहाय्य. अशा मोटारीचा चालक बहुधा पगारी नोकर असतो; त्याच्याकडून मोठी रक्कम वसूल होण्याचा संभव नसतो. म्हणून नुकसानीचा भार अखेर कोणी सोसावयाचा, हा भारतातील या विधिशाखेचा मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

जुन्या इंग्लिश विधितत्त्वानुसार व्यक्तीच्या मृत्यूबद्दल तिच्या आप्तांना भरपाई मागता येत नसे. भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताची पत्नी वा पती, आईवडील व अपत्ये यांच्या हितासाठी दावा लावण्याची तरतूद केली. सेवकाने कामाच्या ओघात केलेल्या अपकृत्याबद्दल स्वामी जबाबदार, या तत्त्वाने मालमोटारीच्या मालकावरही दायित्व येई. परंतु दावा दिवाणी न्यायालयात, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात शुल्क भरून चालवावा लागे व चालकाची हयगय वारसांनाच सिद्ध करावी लागे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाखाली येणाऱ्या नोकरांना मात्र मालकाची चूक न दाखविताही भरपाई मागता येऊ लागली.

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील त्रयस्थांच्या जोखमीचा सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून अमलात आला. १९५६ च्या दुरुस्तीने राज्य शासनांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापण्याचा अधिकार मिळाला. तथापि मालमोटारीच्या बाबतीत विमाकाराचे सक्तीचे दायित्व २०,००० रुपयांपुरते होते. १९६९ च्या दुरुस्तीने ते ५०,००० व १९८२ च्या दुरुस्तीने १,५०,००० रुपये झाले. त्यावरील रक्कम मालकाकडून वसूल करावी लागे व एकाच मोटारीवर निर्वाह करणारा मालक ती देण्यास अनेकदा असमर्थ ठरे.

मुंबई उच्च न्यायालयाने हयगय सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असे मत एका प्रकरणात दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते अमान्य केले. १९८२ च्या दुरुस्तीने दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मर्यादित स्वरूपात स्वीकारून मृत्यूबद्दल १५,००० व कायम अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद केली. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या अधिनियमाने त्रयस्थाचा मृत्यू व इजा यांबाबत विम्याची रकमेची मर्यादा काढून टाकली. १ एप्रिल २०२२ पासून दोष सिद्ध न करता मागावयाची भरपाई मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल २.५ लाख रुपये झाली.

विमासंरक्षणाची एक सीमा मजुरांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालमोटारीतून मालाबरोबर जाणारा मालधनी वा त्याचा प्राधिकृत प्रतिनिधी सक्तीच्या विम्यात आला. मालाच्या ढिगावर बसून, भाडे देऊन अथवा फुकट प्रवास करणारा इसम मात्र त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरविले व तत्पूर्वीचा उलट निर्णय रद्दबातल केला. अशा मृताच्या वारसांचा हक्क मालक व चालक यांच्याविरुद्ध टिकतो; पण त्यामागे विमाकाराची पत नसल्याने तो पुष्कळदा कागदावरच राहण्याचा धोका असतो. चालकाचा परवाना सदोष असल्यास विमाकाराने त्रयस्थास आधी रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरणे देऊ शकतात (२००४ चा निर्णय).

१९९४ पासून वारसांना आपल्या निवासस्थानाच्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. परप्रांतीय रस्त्यावर कर्ता पुरुष गमावलेल्या कुटुंबास ही मोठीच सोय होय. त्याच दुरुस्तीने काढलेली मुदतीची अट मात्र २०१९ च्या दुरुस्तीने परत आली व १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करणे आवश्यक झाले. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती इत्यादींना विनामूल्य वकील मिळू शकतो. लोकअदालतीतील तडजोड अंतिम असून तिच्यावर अपील नाही. त्यामुळे निकडीपोटी अल्प रक्कम स्वीकारण्यापूर्वी योग्य सल्ला मिळणे महत्त्वाचे ठरते. दायित्वाचा विस्तार अधिनियमांनी केला. तो पीडितापर्यंत पोहोचणे हे वेळेवर मिळणाऱ्या विधिसाहाय्यावर अवलंबून आहे.