कुड्याची साल आणि जंतुरोधक कसोटीचा इतिहास

घाटंजी परिसरातील पानझडी सागवानी अरण्यांत कुडा हे झाड परिचयाचे आहे. कुटज या नावाने आयुर्वेदाने त्याच्या सालीस व इंद्रजव या बियांस अतिसारावरील प्रमुख औषधांत स्थान दिले. वनस्पतींच्या अर्कांची जंतुरोधक शक्ती तपासण्याचे काम आज अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चालते. त्या कामातील अडचणींवर या एका सालीचा इतिहास पुरेसा प्रकाश टाकतो.

१८५८ साली मुंबईत हेन्स यांनी या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे केले. युरोपीय बाजारात ही साल ‘कोनेसी’ म्हणून ओळखली जाई. त्यावरून त्यास कोनेसीन हे नाव मिळाले. तथापि पाश्चात्त्य वैद्यकात सालीचा लौकिक टिकला नव्हता. याचे एक कारण नावातच होते. पांढरा कुडा म्हणजे होलार्‍हेना. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, ज्याच्या पानांपासून निळा रंग निघतो. पहिल्याचे इंद्रजव कडू, दुसऱ्याचे गोड. बाजारात दोहोंच्या सालींची सरमिसळ होई आणि निर्गुण सालीचे अपयश गुणी सालीच्या माथी बसे.

दुसरे कारण रोगाच्या नावात होते. १८७५ साली लॉश यांना सेंट पीटर्सबर्ग येथे रोग्याच्या मलात अमीबा आढळला; १८९७ साली जपानात शिगा यांनी आमांशाचा दंडाणू शोधला. अतिसार या एका शब्दात भिन्न व्याधी सामावल्या होत्या, हे तेव्हा स्पष्ट झाले. कोनेसीनचा प्रभाव मुख्यतः अमीबावर पडतो. साहजिकच एका रोग्यास आलेला गुण दुसऱ्यास येत नसे.

तिसरी अडचण कसोटीच्या पद्धतीची. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे हीटली यांनी पेनिसिलिन मोजण्यासाठी आगरच्या थरावर नळकांडी ठेवून जंतुरहित वलय मोजण्याची रीत बसविली. १९६६ साली बाउअर, कर्बी व सहकाऱ्यांनी चकतीची पद्धती प्रमाणित केली. दोन्ही रीती प्रतिजैविकांसाठी होत्या. सालीच्या कच्च्या अर्कातील टॅनिन प्रथिनांना बांधून घेते आणि जंतूंची वाढ सरसकट रोखू शकते. उलट आगरमध्ये नीट न पसरणारे गुणी द्रव्य वलय देत नाही. शिवाय जंतूंच्या थरावरील या कसोटीत अमीबावरील परिणाम दिसणेच अशक्य.

कोनेसीन औषध म्हणून वापरले गेले. परंतु निद्रानाश व मानसिक अस्वस्थता हे दोष आढळले, आणि १९६६ नंतर अमीबाजन्य आमांशावर मेट्रोनिडाझोल रूढ झाले. तरीही विषय संपला नाही. प्रतिजैविके पेशीबाहेर फेकणारी स्यूडोमोनास जंतूची यंत्रणा कोनेसीन रोखते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. असे द्रव्य स्वतः वलय न देताही उपयुक्त ठरते. त्याची परीक्षा प्रतिजैविकाच्या जोडीनेच करावी लागते.

म्हणून वनस्पतीचा सुरक्षित ठेवलेला नमुना, जंतूचा निश्चित वाण, अर्काचे विद्रावक आणि वाढ रोखणारी किमान मात्रा यांची नोंद नसलेले वलयाचे मिलिमीटर फारसे काही सांगत नाहीत. घाटंजीच्या अरण्यातून ‘कुडा’ म्हणून आणलेल्या सालीबाबत पहिला प्रश्न आजही तोच आहे: पांढरा की काळा?