नवजात थायरॉइड चाचणी

नवजात थायरॉइड चाचणी : जन्मतःच थायरॉइड ग्रंथी नसणे, अपुरी वाढलेली असणे किंवा कमी काम करणे ही विकृती वेळेत ओळखण्यासाठी केलेली रक्ततपासणी. रक्त बाळाच्या टाचेतून टिपकागदावर किंवा जन्मताच नाळेतून घेतात आणि मुख्यतः टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे पिट्यूटरी ग्रंथीचे संप्रेरक) मोजतात. वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरची ही तपासणी १९७०च्या दशकात कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुरू झाली.

अहवाल वाचताना आकड्याआधी वेळ पाहावी. आईच्या पोटातल्या उबेतून बाहेर पडताच बाळाचे टीएसएच अर्ध्या तासात ६० ते ८० mIU/L पर्यंत उसळते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. म्हणून टाचेचे रक्त ४८ ते ७२ तासांदरम्यान घेणे उत्तम. पहिल्या दिवशी २५ आले तर ते बहुधा याच उसळीचे असते; तिसऱ्या आठवड्यातले २५ मात्र आजाराकडे बोट दाखवते. अहवालात शेजारी छापलेली मर्यादा अनेकदा मोठ्या माणसांची असते, ती बाळाला लावणे चूक. टिपकागदावरचा आकडा पूर्ण रक्ताचा असेल, तर सीरमचा (रक्तपेशी वगळून उरलेल्या द्रवाचा) आकडा त्याच्या दुपटीहून थोडा जास्त धरतात.

४८ तासांनंतर सीरमच्या हिशेबात टीएसएच २० च्या वर असेल, तर शिरेतून रक्त घेऊन टीएसएच पुन्हा व सोबत फ्री टी-४ (रक्तातले मुक्त थायरॉइड संप्रेरक) तपासतात. ४० च्या वर असल्यास हे रक्त घेताच, अहवालासाठी न थांबता, लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) सुरू करतात. फ्री टी-४ कमी आणि टीएसएच नेहमीसारखे असेल, तर दोष पिट्यूटरीचा असू शकतो; केवळ टीएसएच पाहणारी तपासणी तिथे फसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात टीएसएच उशिरा वाढते, म्हणून दोन ते चार आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात.

आईचे संप्रेरक वारेतून मिळालेले असल्याने बहुतेक बाळे जन्मतः ठणठणीत दिसतात. पुढे लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, फुगलेली बेंबी दिसू लागते. ‘किती गुणी, रडतच नाही’ हे घरातले कौतुकही कधी याच आजाराचे लक्षण असते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर बुद्धीची वाढ सहसा खुंटत नाही. गोळी चुरून आईच्या दुधातून द्यावी. लोह वा कॅल्शियमच्या औषधासोबत देऊ नये.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाच शहरांतील पाहणीत सुमारे १,१३० बाळांमागे एकात हा विकार आढळला. तरीही प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी होतेच असे नाही. बाळ-बाळंतीण घरी येण्याआधी विचारून घ्यावे.